जुनी जीप आणि चिखलाची वाट

भिवंडी हे जुन्या यंत्रांवर जगलेले गाव आहे. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले कितीतरी माग आपल्याकडे आले. इथल्या कारागिरांनी ते खोलले. झिजलेले भाग लेथवाल्याकडून नवे करून घेतले. त्याच मागांवर पुढे वर्षानुवर्षे कापड निघाले. तेव्हा जुने यंत्र भंगारवाल्याला वजनावर द्यायचे की पुन्हा उभे करायचे, हा प्रश्न इथल्या माणसाला नवा नाही.

असेच एक जुने यंत्र म्हणजे जीप. आपल्या तालुक्यातल्या खेड्यापाड्यांत अजून एखादी जुनी जीप दिसते. गोठ्याच्या शेजारी उभी असते, तिच्यावर कोंबड्या बसलेल्या असतात. मालक म्हणतो, "बापाच्या वेळची आहे, विकवत नाही." मुलगा म्हणतो, "हिला उंच करू, मोठे टायर घालू, चिखलात पळवू." दोघांचेही म्हणणे खोटे नाही. पण त्यात पैसा जातो, आणि चुकीच्या ठिकाणी हात लावला तर जीवही जातो. म्हणून ही गाडी चालते कशी, तिचे दुखणे कुठे असते आणि तिच्यात काय बदलावे, काय बदलू नये, हे समजून घेऊ.

जीप आली कुठून?

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी, १९४० साली, अमेरिकेच्या सैन्याला एक हलकी गाडी हवी होती. चिखल, वाळू, डोंगर, कुठेही जाईल अशी. बँटम नावाच्या लहान कंपनीने पहिला नमुना केला. पुढे विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. दोन्ही कंपन्यांच्या जीपा एकाच आराखड्याच्या होत्या. एकीचा भाग दुसरीला बसत असे. जीप दुरुस्तीला सोपी, ही ख्याती तेव्हापासूनची.

आपल्याकडे महिंद्र कंपनी १९४५ साली स्थापन झाली. १९४७ नंतरच्या काळात तिने मुंबईत माझगाव येथे विलिसचे सुटे भाग आणून जीपा जोडायला सुरुवात केली. पुढे भागही इथेच बनू लागले. उंच बॉनेटची जी जुनी जीप तुम्ही पाहता, तिचा नमुना विलिसचा, सी.जे. थ्री बी नावाचा. तिचे इंजिन उंच होते, ते झाकायला बॉनेट उंच करावे लागले. अमेरिकेत हा नमुना १९६८ साली बंद झाला. भारतात मात्र तो त्यानंतरही बनत राहिला. पुढे पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिने आली, नावे बदलली, पण खालचा सांगाडा पुष्कळसा तोच राहिला. जबलपूरच्या सरकारी कारखान्यात १९६९ पासून जोंगा बनली, ती जपानच्या निस्सान कंपनीच्या नमुन्याची. मारुतीची जिप्सी १९८५ साली आली. या सगळ्या गाड्या दिसायला वेगळ्या, पण चारही चाके ओढण्याची रीत त्यांची सारखीच आहे.

चारही चाके ओढतात म्हणजे काय?

साध्या जुन्या मोटारीत इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना मिळतो. पुढची दोन चाके नुसती फिरतात आणि दिशा देतात. मागची चाके चिखलात रुतली की गाडी उभी राहिली. जीपमध्ये इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून निघतो आणि आणखी एका पेटीत जातो. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. या पेटीतून दोन लांब दांडे निघतात. एक मागच्या एक्सलकडे जातो, एक पुढच्या. या दांड्यांना प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. शाफ्टच्या टोकाला क्रॉस असतात. एक्सल खालीवर होत असतो, म्हणून सांधा वळता हवा. ते काम क्रॉस करतो.

म्हणून जुन्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या हाताशी गिअरच्या दांड्याखेरीज आणखी दोन लहान दांडे असतात. एकाने पुढची चाके जोडायची. दुसऱ्याने हलका गिअर घालायचा. सी.जे. थ्री बी मध्ये हा हलका गिअर घातला की गाडीचा वेग सुमारे अडीचपट कमी होतो आणि चाकावरचा जोर तेवढ्याच पटीने वाढतो. कणगी हलवायला पहार लावतो ना, तसेच. पहारीचे टोक आपण हातभर खाली दाबतो तेव्हा कणगी बोटभर उचलते.

एक गंमत बघा. जुन्या जीपमध्ये पुढची चाके जोडल्याशिवाय हलका गिअर पडतच नाही. आत अडसर ठेवलेला असतो. कारण एवढा जोर एकट्या मागच्या एक्सलवर टाकला तर तो मोडेल. बनवणाऱ्याने विचार करून ठेवलेला हा अडसर काही अर्धवट मिस्त्री काढून टाकतात आणि "गाडी मोकळी केली" म्हणून सांगतात. तशा मिस्त्रीला गाडी देऊ नये.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पुढची चाके जोडून कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी चालवायची नाही. का?

गाडी वळते तेव्हा पुढची चाके मोठा फेरा घेतात आणि मागची लहान. बैलगाडीच्या मागे ट्रेलर जोडून वळवून पाहा, मागचे चाक आतून जाते. म्हणजे पुढची चाके जास्त फिरायला हवीत. पण ट्रान्सफर केसने पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधलेला आहे. दोघांना सारखेच फिरावे लागते. चिखलात हा फरक चाक थोडे घसरून भरून काढते. डांबरावर चाक घसरत नाही. मग पीळ कुठे जातो? तो शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये, गिअरच्या दातांत साठत जातो. स्टिअरिंग जड होते. दांडा काढू म्हटले तर निघत नाही. शेवटी "कट्" असा आवाज येतो, आणि काय तुटले ते खाली वाकून पाहावे लागते. असा पीळ बसला असेल तर दांड्याशी झोंबू नका. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, पीळ सुटतो, दांडा हलका येतो.

याच कारणाने चारही टायर एका मापाचे असावे लागतात. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत झालेले टायर असतील तर सरळ वाटेवरही पीळ बसेल.

दुसरा एक धोका भंगारातून आणलेल्या एक्सलचा. क्राऊन आणि पिनियन अशी दोन दातेरी चाके एक्सलच्या पोटात असतात. समजा मागच्या एक्सलमध्ये ती ४३ आणि ८ दातांची आहेत. पुढचा एक्सल मोडला, आणि दुसऱ्या गाडीचा आणून बसवला. त्यात ३९ आणि ८ दात आहेत. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, बोल्टही जुळतात. हिशेब करू. ४३ भागिले ८ म्हणजे सुमारे ५.४. ३९ भागिले ८ म्हणजे सुमारे ४.९. एकीकडे शाफ्टचे ५.४ फेरे झाले तर चाकाचा एक फेरा होतो, दुसरीकडे ४.९ फेऱ्यांतच होतो. अशी गाडी पहिल्याच चिखलात स्वतःचे दात स्वतः मोडून घेईल. जुना एक्सल घेताना त्याची दोन्ही चाके मोकळी ठेवून ती एकदम एक फेरा फिरवावी आणि शाफ्टचे टोक किती फिरले ते मोजावे. खडूची एक खूण पुरते. दोन मिनिटांचे काम आहे.

चारांतली दोनच का फिरतात?

"गुरुजी, चारही चाकांना जोर आहे म्हणता, मग आमची जीप शेतात रुतली तेव्हा दोनच चाके का गरागरा फिरत होती?" असे एका शेतकऱ्याने मला विचारले होते. प्रश्न शहाणा आहे.

प्रत्येक एक्सलच्या मध्ये एक फुगीर डबा असतो. त्यात डिफरन्शिअल असते. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त आणि आतल्याला कमी फिरू देणे हे त्याचे काम. ते जोर दोन्ही चाकांना सारखा वाटते. आपले बैलांचे जू डोळ्यांपुढे आणा. मध्ये बांधलेले, दोन्ही टोकांना बैल. एका बैलाने ओढणे सोडले तर दुसऱ्याची ताकद फुकट जाते. जू तिरपे होते, नांगर जागचा हलत नाही. तसेच इथे. एक चाक चिखलात सुटले की त्याला फिरायला जोर लागतच नाही. जेवढा थोडा जोर त्याला, तेवढाच थोडा घट्ट जमिनीवरच्या चाकाला. मग पुढचे एक आणि मागचे एक फिरत राहते, गाडी तिथेच.

अशा वेळी अॅक्सिलरेटर दाबून उपयोग नाही. फिरणारे चाक आणखी खड्डा करते. हलक्या गिअरमध्ये ब्रेकवर किंचित पाय ठेवावा. सुटलेल्या चाकाला थोडा अडथळा झाला की दुसऱ्याकडे जोर जातो. कधी कधी एवढ्याने गाडी निघते. दोन्ही चाके बांधून टाकणारे लॉकरही मिळतात. ते महाग असतात, आणि नेहमीच्या रस्त्यावर बांधलेले ठेवले तर वळणावर गाडी ऐकत नाही. आपल्या वापराला ते लागतातच असे नाही. काही जीपांत पुढच्या चाकांच्या हबवर फिरवायची कुलुपे असतात. ती हाताने लावल्याशिवाय नुसता दांडा टाकून पुढची चाके ओढत नाहीत. चिखलात उतरल्यावर ती लावायला खाली उतरावे लागते, म्हणून आधीच लावावीत.

आधी काय दुरुस्त करायचे?

आमच्या ओळखीचे एक जुने मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे पडघ्याच्या बाजूचा एक तरुण जीप घेऊन आला. म्हणाला, "मिस्त्री, हिला सहा इंच उचला. टायर एकतीसचे घाला. किती होतील?"

मिस्त्रींनी उत्तर दिले नाही. त्यांनी ब्रेकचा पेडल हाताने दाबला. पेडल खाली गेला तो गेलाच.

"भाऊ, गाडी आणलीस कशी?"

"गिअरवर थांबवत आणली."

"मग उंच कशाला करतोस? आहे तेवढ्या उंचीवरून पडलास तरी पुरे."

तरुण ओशाळला. पण मिस्त्रींचे म्हणणे लाखमोलाचे होते. जुन्या जीपमध्ये ब्रेकच्या तेलाची वाट एकच असते. एका मास्टर सिलिंडरमधून चारही चाकांना तेल जाते. एका चाकाची नळी फुटली, एक रबर कुजले, तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. पुढच्या काळातल्या गाड्यांत दोन वेगळ्या वाटा असतात, एक गेली तरी दुसरी उरते. म्हणून जुन्या जीपला खर्च करायचा तर पहिला पैसा ब्रेकच्या नळ्या, रबरे आणि लायनिंग यांवर. जमले तर दोन वाटांचा मास्टर सिलिंडर जाणत्या माणसाकडून बसवून घ्यावा.

हॅण्डब्रेकची गोष्ट तर पुष्कळ ड्रायव्हरांनाही ठाऊक नसते. बहुतेक मोटारींत हॅण्डब्रेक मागच्या चाकांना लागतो. जुन्या विलिस नमुन्याच्या जीपमध्ये तो ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर लागतो. याचे दोन अर्थ होतात. मागचा शाफ्ट काढला की हॅण्डब्रेक गेला. आणि मागचे एक चाक जॅकवर उचलले तरीही तो गेलाच म्हणा, कारण डिफरन्शिअलमुळे उचललेले चाक उलटे फिरते आणि जमिनीवरचे चाक सुलटे. हॅण्डब्रेक ओढलेला असतो, आणि गाडी जॅकवरून पुढे जाते. खाली माणूस असतो. म्हणून जीपखाली जाण्याआधी जमिनीवरच्या चाकांना पुढून मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नका. चासीखाली भक्कम घोडी उभी करा.

ब्रेकनंतर स्टिअरिंग. पुढचे चाक उचलून वरखाली धरून हलवून पाहा. खडखड वाजले तर किंगपिनची किंवा हबची बेअरिंगे सैल आहेत. आडवे धरून हलवा, खेळ लागला तर टायरॉडचे सांधे झिजलेत. असा खेळ असेल तर विशिष्ट वेगाला पुढची चाके थरथरू लागतात आणि स्टिअरिंग हातात ठरत नाही. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला लोखंडी गोळा असतो, त्यातून वळता सांधा चाकाला फिरवतो. त्याच्यावरचे सील गेले की ग्रीस बाहेर येते आणि चिखल आत जातो. सील किरकोळ किमतीचे असते, आतला सांधा महाग.

मग चासी. गंज वरून दिसत नाही. लहान हातोडीने ठोकत जावे. खणखणीत आवाज आला तर लोखंड चांगले, बद आवाज आला तर आत पोकळ. पाटे जिथे टांगलेले असतात तिथे तडा शोधावा. तडा सापडला तर त्याच्या टोकाला लहान भोक पाडतात, म्हणजे तो पुढे पळत नाही, मग वेल्डिंग करतात. आणि वेल्डिंगच्या आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जुन्या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बैठकीखाली असते. वेल्डरला नुसता पत्रा दिसतो. टाकी काढून लांब ठेवल्याशिवाय ठिणगी पडू द्यायची नाही. "टाकी रिकामी आहे, काही होत नाही," असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते, आणि पेट घेऊन फुटते ती वाफच. बॅटरीची तारही सोडून ठेवावी.

इंजिनाबद्दल मी मुद्दाम थोडे बोलतो. इंजिन धूर सोडते, आवाज करते, म्हणून लोक सगळे पैसे तिथेच घालतात. पण न चालणारे इंजिन सहसा कोणाला मारत नाही. न थांबणारी गाडी मारते. इंजिनाचे ऑइल, पाण्याची नळी, पट्टा, एअर फिल्टर आणि डिझेलचा फिल्टर एवढे वेळेवर पाहिले तर जुने इंजिन पुष्कळ साथ देते.

उंच करणे आणि मोठे टायर

आता त्या तरुणाच्या सहा इंचांकडे येऊ. गाडी उंच केली की दगडावर आपटत नाही, हे खरे. पण बाकी काय होते?

जीप आधीच अरुंद आणि आखूड आहे. जुन्या जीपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर ८० इंच, म्हणजे दोन मीटरच्या आसपास. दोन बाजूंच्या चाकांत तर चार फुटांहून किंचितच जास्त. अशा गाडीला उंच करणे म्हणजे अरुंद पाटावर दोन हंडे ठेवणे. बांधावरून तिरपी जाताना ती कलंडते. रस्त्यावर एकाएकी वळवली तरी कलंडते. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि क्रॉस लवकर जातात. ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात. एक्सल खाली लोंबला की त्या तुटू शकतात. स्टिअरिंगचा दांडा तिरपा होतो, मग खड्ड्यातून जाताना चाक आपोआप वळते.

उंच करण्यासाठी काही जण पाट्यांत जास्तीचे जाड पाटे भरतात. त्याने गाडी उंच होते, पण ताठही होते. खडबडीत वाटेवर पाटा वाकायला हवा, चाक खड्ड्यात उतरायला हवे. चाक हवेत राहिले तर जोर कुठे लावणार? लवचिक पाटा चांगला. झिजलेले, सपाट झालेले पाटे नवे घातले, शॅकलच्या बुशी बदलल्या, यू-बोल्ट नवे आवळले, तर जीप आपल्या मूळ उंचीवर येते. पुष्कळ जीपा उंच करायच्या नसतातच, त्या नुसत्या बसलेल्या असतात. यू-बोल्ट मात्र थोडे अंतर चालवल्यावर पुन्हा आवळावेत. ते सैल राहिले तर मधला बोल्ट तुटतो आणि एक्सल जागचा सरकतो.

टायरचा हिशेब शाळेतला आहे. समजा मूळ टायरची उंची २८ इंच. घातले ३१ इंची. ३१ भागिले २८ म्हणजे सुमारे १.११. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गाडी शेकडा ११ जास्त पुढे जाते. वेगाचा काटा ४० दाखवतो तेव्हा गाडी ४४ ने पळत असते. चढावर इंजिन दमते. ब्रेकला जड चाक थांबवावे लागते, आणि ब्रेक तर जुनेच. दीड इंच उंची मिळते, कारण वाढलेल्या ३ इंचांपैकी अर्धेच एक्सलच्या खाली येतात. मूळ मापाच्या जवळचे, पण खोल नक्षीचे चिखलाचे टायर घेतले तर भातशेतीच्या वाटेवर तेच जास्त कामाला येतात. हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते. रस्त्यावर २५ पौंडांच्या आसपास हवा असेल तर चिखलात १५ पर्यंत उतरवता येते. पण सावकाश चालवावे, आणि डांबरावर येण्याआधी हवा पुन्हा भरावी. पायपंप गाडीत ठेवलेला बरा.

आणखी एक. जुन्या विलिस नमुन्यात डिफरन्शिअलचा डबा मधोमध नसतो, उजव्या हाताला, म्हणजे आपल्या ड्रायव्हरच्या बाजूला असतो. वाटेत मोठा दगड असेल तर तो डब्याच्या डावीकडून काढावा. असे खालचे ज्ञान असले की दीड इंचासाठी हजारो रुपये घालावे लागत नाहीत.

ओढा आणि पूर

आमच्याकडे पावसाळ्यात ओढे कधी भरतील सांगता येत नाही. २६ जुलै २००५ चा पाऊस आठवतो ना? सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर नोंद झाली होती. वाहत्या पाण्यात जीपही वाहून जाते. चारही चाकांना जोर आहे म्हणून ती जड होत नाही. पाण्याला ओढ असेल, तळ दिसत नसेल, तर थांबावे. संथ, गुडघ्याखालच्या पाण्यातून जायचे तर हलक्या गिअरमध्ये, एका वेगाने, मध्ये गिअर न बदलता जावे.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, म्हणून ते पाण्यात बंद पडत नाही अशी एक समजूत आहे. अर्धी खरी आहे. पेट्रोलच्या इंजिनात डिस्ट्रिब्यूटर भिजला की गाडी बंद पडते, एवढेच. डिझेलचे इंजिन हवा ओढत राहते. हवेच्या वाटेने पाणी आत गेले तर पिस्टनखाली ते दबत नाही. हवा दबते, पाणी दबत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून बुडालेल्या गाडीची चावी पाणी ओसरल्यावर लगेच फिरवू नये. आधी हवेची नळी उघडून पाहावी, नोझल काढून इंजिन हाताने फिरवावे, आत गेलेले पाणी बाहेर येऊ द्यावे.

पाण्यातून निघाल्यावर ब्रेक ओले असतात, लागत नाहीत. गाडी हळू चालवत पेडल हलका दाबत राहावे, म्हणजे वाळतात. घरी आल्यावर दोन्ही एक्सलचे, गिअरबॉक्सचे आणि ट्रान्सफर केसचे तेल पाहावे. गरम एक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. तेल ताकासारखे पांढरे दिसले तर त्यात पाणी आहे. ते तसेच ठेवले तर बेअरिंगे गंजून जातील.

कायदा काय म्हणतो?

हरियाणातल्या मंडी डबवाली गावी जुन्या भागांतून नव्यासारख्या जीपा बांधण्याचा मोठा धंदा उभा राहिला. पाहून कोणालाही मोह होतो. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते, की बनवणाऱ्याने गाडीचे जे वर्णन दिले त्याच्याशी न जुळणारा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. आता बेकायदा बदल केल्यास प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. पुढे लावायचे जाड लोखंडी गज, ज्यांना बुलबार म्हणतात, त्यांवर कारवाई करण्याविषयी केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले. पायी चालणाऱ्याला ते जास्त इजा करतात.

म्हणजे काहीच करता येत नाही का? झिजलेला भाग काढून तसाच नवा घालणे ही दुरुस्ती आहे, तिला कोणी हरकत घेत नाही. इंजिन बदलायचे असेल तर आधी आर.टी.ओ.ची संमती घ्यावी लागते आणि नवा नंबर नोंदणीपुस्तकात चढवून घ्यावा लागतो. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, मग दर पाच वर्षांनी गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आहे. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि तिची चासी, बॉडी, इंजिन मूळचे असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची जुनी वारसा गाडी म्हणून वेगळी नोंद होते. पण मग ती रोजच्या कामाला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. बापाच्या वेळची जीप उंच करून, कापून, पत्रा बदलून टाकली तर ही वाटही बंद होते, हे त्या मुलाच्या कानावर घालावे.

जुनी जीप विकत घेताना चासीवर ठोकलेला नंबर आणि पुस्तकातला नंबर ताडून पाहा. सैन्याच्या लिलावातली म्हणून सांगतील, तर लिलावाचे कागद मागा. कागद नसलेली गाडी स्वस्त मिळते, कारण ती रस्त्यावर आणताच येत नाही. आणि तानसा अभयारण्यासारख्या जंगलात परवानगीशिवाय गाडी घालणे हा वेगळाच गुन्हा आहे.

रुतलेली गाडी ओढताना

ट्रॅक्टर बोलावला, साखळी लावली, आणि दहा माणसे भोवती जमली, हे दृश्य सगळ्यांनी पाहिले आहे. यातच अपघात होतात. साखळी बंपरला किंवा पाट्याच्या टांगणीला लावू नये, ती उखडते. चासीला बोल्टने पक्क्या बसवलेल्या आकड्यालाच लावावी. आधी चाकांपुढचा चिखल फावड्याने काढा. चाकाखाली दगड, फांद्या, जुने गोणपाट घाला. या कामाला अर्धा तास गेला तरी चालेल, कारण मग ओढायला थोडाच जोर लागतो. ट्रॅक्टरने झटका देऊ नये, साखळी ताणून घ्यावी आणि हळू ओढावे. साखळीच्या मध्यावर एक ओले गोणपाट टाकून ठेवा. ती तुटलीच तर गोणपाटाच्या वजनाने खाली पडते, उडत नाही. साखळी जेवढी लांब, तेवढ्या अंतराच्या आत कोणी उभे राहू नये. मुलांना तर बांधाच्या पलीकडे पाठवावे. गाडी घट्ट जमिनीवर आली, ट्रॅक्टर थोडा मागे आला, साखळी सैल पडली, की मगच आकडा काढायला हात घालावा.